मंगळवारचा माऊस

सुदर्शन भोयरला पुण्यात येऊन उणंपुरं वर्ष झालं होतं. एवढ्या काळात त्याला एक गोष्ट पक्की कळली होती. दुपारी एक ते चार या गावात आभाळ कोसळलं तरी चालतं, पण कुणाचं दार वाजवायचं नाही. आणि तरीही, भर दुपारी, तो कसबा पेठेतल्या एका बंद छापखान्यासमोर, पलीकडच्या पायरीवर, मांडीवर बॅग घेऊन बसला होता. नोकरीच तशी टांगणीला लागली होती हो! नाहीतर आर्वीच्या माणसाला काय हौस आलीय, उन्हात पुणेकरांची दारं राखत बसायची?

झालं होतं असं. सुदर्शन बाजीराव रस्त्यावरच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात उमेदवारीवर होता. ते दिवसच तसे होते. सत्त्याण्णव साल, ज्याच्या त्याच्या तोंडी कॉम्प्युटर. किराणावाल्याला कॉम्प्युटर हवा, ज्योतिष्याला हवा, आणि घेतला की पंधरा दिवसांत तो बिघडायलाच हवा. बिघडला की मालक मच्छिंद्रशेठ शितोळे सुदर्शनला पिटाळायचे. दुकानाची एक रीत होती. रोग कुठलाही असो, औषध एकच: ड्रायव्हर काढायचा आणि फ्लॉपीवरून नव्यानं टाकायचा. का, कशाला, हे विचारायचं नाही. मच्छिंद्रशेठ स्वतः आधी पंपांच्या धंद्यात होते. तिथंही ते आधी वॉशर बदलायचे आणि मग काय बिघडलंय ते विचारायचे.

आणि तशात हे शुभकार्य मुद्रणालय गळ्यात पडलं. लग्नपत्रिकांचा जुना छापखाना. मालक रंगनाथ लवाटे, वय सत्तरीपार, जीभ मात्र विशीतली. त्यांनी वडिलांच्या वेळचे छपाईचे शिशाचे खिळे मोडीत काढून कॉम्प्युटर घेतला होता आणि त्या दिवसापासून जगावर राग धरला होता. कॉम्प्युटरवर बसायची शालन. एके काळी ती याच छापखान्यात पत्रिकांना गोंडे लावायची. आता क्लास लावून पडद्यावर पत्रिकेची अक्षरं जुळवायला शिकली होती. रंगनाथ त्या यंत्राला शिवत नसत. "उंदराच्या पाठीवर हात ठेवून अक्षर काढायचं? आमच्यात ते काम गणपती करतो," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे.

पहिल्या मंगळवारी चारनंतर दुकानात त्यांचाच फोन आला. "तुमचा माऊस उलटा चालतो. डावं बटण दाबलं की उजव्याचं काम करतो. आमच्याकडे असल्या माणसांना सरकारी नोकरीत पाठवतात."

सुदर्शन धावत गेला. ड्रायव्हर काढला, नव्यानं टाकला, माऊस सुतासारखा सरळ. रंगनाथ मागं उभे राहून बघत होते.

"हा ड्रायव्हर म्हणजे कोण?"

सुदर्शननं गिऱ्हाइकाला सांगायचं पाठच करून ठेवलं होतं. "काका, माऊस म्हणजे घोडा समजा, कॉम्प्युटर म्हणजे टांगा. मधात लगाम धरून बसते, तो ड्रायव्हर."

"म्हणजे एका उंदरासाठी मी टांगेवालाही पोसायचा. वा!"

दुसऱ्या मंगळवारी पुन्हा फोन. पुन्हा तेच. पुन्हा फ्लॉपी, पुन्हा ड्रायव्हर, पुन्हा सरळ. तिसऱ्या मंगळवारी मच्छिंद्रशेठ म्हणाले, "त्या माऊसला मंगळ आहे का रे? पत्रिकावाल्याकडे दिलाय खरा आपण, पण शांत करायची जबाबदारी आपली नाही." आणि मग हसू पुसून म्हणाले, "भोयर, ऐक. दर वेळी तू जातोस, फुकट जातोस. आता पुढच्या मंगळवारी हा फोन आला तर दोनच गोष्टी. चूक गिऱ्हाइकाची असेल तर गिऱ्हाइकाच्या तोंडून मला ऐकव. तुझी असेल तर आर्वीची गाडी पकड."

आर्वीला वडील होते, बजरंगजी भोयर. त्यांनी अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलं होतं, की आमचा सुदर्शन पुण्यात कॉम्प्युटर बनवते. कुणाकुणाला तर रेडिओ दाखवून, 'हेही तोच करते,' असंही सांगितलं होतं. त्या गल्लीत ट्रंक घेऊन परत उतरायचं? 

त्याच तिसऱ्या मंगळवारी मात्र छापखान्यात एक नवल घडलं. फ्लॉपी रुसली. आत घातली की नुसती घरघरायची, वाचायची नाही. आता काय करतोस बापा, असं स्वतःशी म्हणत सुदर्शननं नाइलाजानं माऊसच्या सेटिंगचं पान उघडलं. वास्तविक हे पहिल्याच दिवशी बघायचं, पण दुकानाची रीत पडली ना! पानावर सरळ लिहिलेलं होतं: उजव्या हाताचा माणूस की डाव्या? आणि खूण होती डाव्यापुढं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तो बिचारा ड्रायव्हर बदलत होता, त्यासरशी खूण आपोआप उजवीकडे जायची आणि याला वाटायचं, आपण केवढा रोग बरा केला. सापाचा पत्ता नाही आणि नुसती भुई धोपटत होता पठ्ठ्या.

त्यानं खूण उजवीकडे केली. मग हळूच शालनकडे पाहिलं. ती पत्रिकेच्या कच्च्या प्रतीवर चुका दुरुस्त करत होती. डाव्या हातानं.

सुदर्शनचं डोकं भणाणलं. रंगनाथ आत कागद मोजायला गेले तसा तो कुजबुजला, "ताई, तुम्ही काहून असं करून राहिल्या? माझी नोकरी जाईन ना."

"काय केलं मी?"

"हे डाव्या हाताचं. दर मंगळवारी."

शालननं पेन्सिल खाली ठेवली. "हे बघा, मी डावखुरी आहे, लपवत नाही. पण पहिल्याच दिवशी काकांनी बजावलंय, की लग्नाचं काम आहे, डावा हात पत्रिकेला लागता कामा नये, मुलीचा संसार मांडायचाय, मोडायचा नाही. महिनाभर हात दुखेस्तोवर उजव्यानं माऊस शिकलेय मी. आता तुम्ही असलं काही त्यांच्या कानावर घातलंत तर माझी तुमच्याआधी जाईल. कळलं?"

खोटं बोलणारं माणूस एवढं रागावत नाही. सुदर्शन वरमला. रंगनाथांना त्यानं नुसतं 'झालं दुरुस्त' म्हणून सांगितलं आणि काढता पाय घेतला. पण रस्ताभर डोक्यात एकच भुंगा. शालन नाही, तर कोण? सकाळी माऊस सरळ असतो. एकला छापखाना बंद होतो. शालन डबा घेऊन बहिणीकडे जाते. वरच्या मजल्यावर रंगनाथ वामकुक्षी करतात आणि त्यांच्या पत्नी इंदुबाई मंगळवारी भजनाला जातात. चारला दार उघडतं आणि माऊस उलटा. म्हणजे जे काही होतंय ते बंद दाराआड होतंय.

म्हणून चौथ्या मंगळवारी, शेठना सांगून, स्वारी पायरीवर बसली होती.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. छापखान्याला जुन्या पद्धतीच्या लाकडी फळ्यांचं दार होतं आणि त्यावर पाटी: 'एक ते चार बंद. बंद म्हणजे बंद.' सुदर्शनचा डोळा लागत आला होता, एवढ्यात आतून आवाज आला. कॉम्प्युटर सुरू होताना वाजतो ना, तो सूर! बंद छापखान्यात! सुदर्शन ताडकन उठला, चोरपावलांनी फळ्यांपाशी गेला आणि फटीला डोळा लावला.

आत रंगनाथ लवाटे बसले होते. अंगात बंडी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, जीभ दातांत धरलेली. उंदराला न शिवणारे रंगनाथ! माऊस त्यांनी कीबोर्डच्या डाव्या अंगाला ओढून घेतला होता आणि डावा हात त्यावरून असा फिरत होता, की गरम पोळीवर तूप फिरवावं. उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला होता. मधेच तो चष्मा सावरायला वर आला, तेव्हा सुदर्शनला दिसलं. तो हात थरथरत होता. चांगलाच थरथरत होता.

सुदर्शनला एकदम वाईट वाटलं. आल्या पावली परत जावं असं त्याच्या मनात आलंही. पण छापखान्याच्या दारातली ती कागदाची धूळ; तिनं दावा साधला. त्याला सणसणीत शिंक आली.

आतला हात थबकला. "कोण आहे?"

"मी... सुदर्शन. कॉम्प्युटरवाला."

"वाचता येतं का?"

"येते काका."

"मग पाटीवर काय लिहिलंय?"

"एक ते चार बंद."

"मग?"

"पण तुम्ही चालू हाय ना, काका."

आत खुर्ची करकरली. मग एक फळी सरकली. "आत ये. आणि लाव ती मागं, साऱ्या पेठेला दाखवायचंय का?"

सुदर्शन आत गेला. पडद्यावर एक लग्नपत्रिका होती. वेलबुट्टी अजून वाकडीतिकडी, पण अक्षरं कशी एका ओळीत, ताठ. वर 'श्री', खाली 'चि. रंगनाथ' आणि 'चि. सौ. कां. इंदू', आणि तारीख पन्नास वर्षांपूर्वीची.

"काका, हे..."

"आमचीच," रंगनाथ म्हणाले. आवाजातली धार कुठं गेली होती कुणास ठाऊक. "आमचं लग्न ठरलं तेव्हा कागदावर नियंत्रण होतं. वडील म्हणाले, होता तेवढा कागद गिऱ्हाइकांना दिला, आपल्या लग्नाला पत्रिका कशाला, तोंडी सांगू. झालं. पन्नास वर्षं ऐकतोय मी. साऱ्या पुण्याच्या पत्रिका छापल्यात, आपली तेवढी राहिली. कुणाच्या लग्नाहून आलो की ऐकतोय, दिवाळीला ऐकतोय, भांडण दुधावरून निघालं तरी शेवट पत्रिकेवर. पुढच्या महिन्यात पन्नास पुरी होतात. म्हटलं, स्वतःच्या हातानं जुळवून तिच्या हातात ठेवीन. आता खिळे राहिले नाहीत, तर याच्यावर. पण हा उजवा..." त्यांनी हात वर धरला. "हा माऊसवर ठेवला की बाण पडद्यावर भुतासारखा नाचतो. डावा तेवढा मेला स्थिर आहे. खिळे जुळवायची पट्टी चाळीस वर्षं त्यानंच धरली."

"मग डाव्यानं करा की. त्याच्यात लपवासारखं काय हाय?"

"लपवासारखं?" रंगनाथ उसळले. "अरे, मी जन्मानं डावखुरा. मास्तरांनी पट्ट्या मारमारून उजवा केला. घरात डाव्या हातानं पाणी मागितलं तरी वडील भांडं काढून घ्यायचे. त्या पोरीला मी तेच केलं, पत्रिकेला डावा हात लावू नकोस म्हणून. आणि आता मीच तिच्या खुर्चीत बसून डाव्या हातानं 'श्री' काढतो, हे कुठल्या तोंडानं सांगू?"

 सुदर्शनला एकदम आठवलं. "पण काका, मग दर मंगळवारी फोन तर तुम्हीच करता, माऊस बिघडला म्हणून!"

"बिघडतोच! शालन बसली की उलटा चालतो."

"कारण तुम्ही डावीकडे खूण करून ठेवता!"

"ठेवतो कशाला? काम झालं की रीतसर बंद करतो मी. त्या पुस्तिकेत दिलंय तसं, शटडाऊन करून. मग खूण आपल्या जागी जायला नको?"

सुदर्शन त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. हा माणूस नाटक करत नव्हता. त्याच्या धंद्यात तसंच होतं. पत्रिका छापून झाली की जुळारी तो मजकूर मोडणार, एकेक खिळा धुणार आणि खणाखणांच्या लाकडी केसमधल्या आपापल्या घरात परत टाकणार. 'क' कच्या घरात, काना कान्याच्या घरात. त्याशिवाय छापखान्याचा दिवाच मालवायचा नाही. रंगनाथांना वाटलं, बंद होताना यंत्र एवढा वेळ 'थांबा, थांबा' म्हणतं, ते आत खिळेच तर सोडत असणार!

"काका, मशीन काही परत टाकत नाही. जसं ठेवलं तसंच राहते."

"परत टाकत नाही?" रंगनाथांना खरोखर धक्का बसला. "अरे, असल्या जुळाऱ्याला वडिलांनी दारात उभं केलं नसतं! पण मग मी दर मंगळवारी बसतो तेव्हा खूण मला उजवीकडेच सापडते, ती कशी?"

"ते मी करतो ना! तुम्ही फोन करता, मी येतो, ड्रायव्हर टाकतो, खूण उजवीकडे."

रंगनाथांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्हणजे गेला महिनाभर मी जुळवतोय आणि मागून खिळे सोडणारा पोऱ्या तू."

आणि दोघंही हसत सुटले. रंगनाथांना तर ठसका लागला. हसणं ओसरल्यावर मात्र ते गंभीर झाले. "हे बाहेर जाता कामा नये. इंदूला नाही, शालनला नाही, तुझ्या त्या पंपवाल्यालाही नाही. शब्द दे."

सुदर्शनच्या डोळ्यांपुढं आर्वीचं स्टँड आलं, वडील आले, रेडिओ आला. चूक गिऱ्हाइकाची असेल तर गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकव. हातातोंडाशी आलेली सुटका! एक वाक्य, आणि नोकरी वाचत होती. त्यानं मांडीखाली परत गेलेल्या त्या हाताकडे पाहिलं.

"देतो," तो म्हणाला. आणि लगेच मनात स्वतःला चार शिव्या घातल्या.

मग त्यानं रंगनाथांना काम झाल्यावर खूण परत उजवीकडे कशी आणायची ते शिकवलं. म्हाताऱ्यानं दोनदा करून दाखवलं. वेळ कसा गेला ते कळलंच नाही. फळ्या सरकवून शालन आत आली आणि दोघांना एका यंत्रापुढं पाहून दारातच थबकली. रंगनाथांनी झटकन हात मागं घेतला. सुदर्शन पडद्यापुढं आडवा उभा राहिला. आणि नेमका तेव्हाच फोन वाजला.

शालननं उचलला. "कॉम्प्युटरच्या दुकानातून आहे. तुम्हाला," ती सुदर्शनला म्हणाली.

"काय रे भोयर," मच्छिंद्रशेठचा आवाज एवढा मोठा, की फोन कानाला लावायचीच गरज नव्हती. "सापडला का उंदीर? कुणाची चूक?"

 "माझीच, शेठ. ड्रायव्हर नीट टाकत नव्हतो."

"वाटलंच मला. मग उद्यापासून यायची तसदी घेऊ नकोस. कळलं का?"

"हो, शेठ," सुदर्शन म्हणाला. 

तेवढ्यात त्याच्या हातातून रिसीव्हर कुणीतरी काढून घेतला. रंगनाथांनी. डाव्या हातानं.

"लवाटे बोलतोय. शुभकार्य मुद्रणालय. तुमच्या पोराला धड खोटंही बोलता येत नाही, त्याला काढताय कशाला? चूक माझी. माऊस मी डावा करून ठेवत होतो." त्यांनी एकदा शालनकडे पाहिलं, आणि मग जरा मोठ्यानंच म्हणाले, "कारण मी डावखुरा आहे. काय? ऐकू नाही आलं? डावखुरा! डाव्या हाताचा माणूस! आणि तुमच्या दुकानात माऊस विकताना हे विचारायची पद्धत नाही, ती घाला. उद्या हा कामावर आला नाही तर मी येईन, आणि मी आलो की लवकर जात नाही. ठेवतो."

 शालन आ वासून बघत होती. मग तिचे डोळे भरले, आणि मग ती चिडलीच. "आणि मला महिनाभर उजव्यानं घासायला लावलंत, काका?"

"लावलं," रंगनाथ म्हणाले. "चुकलो. उद्यापासून तुला हव्या त्या हातानं काम कर."

"आता डाव्यानं जमायचं नाही मला! सवय मोडलीत तुम्ही!"

"मोडत नाही ती," दारातून आवाज आला. "साठ वर्षांत यांची मोडली का?"

दारात इंदुबाई उभ्या होत्या. हातात टाळांची पिशवी, कपाळाला बुक्का. रंगनाथांचा चेहरा चोर पकडल्यासारखा झाला. सुदर्शन पुन्हा पडद्यापुढं सरकला.

"तुला कधी कळलं?" रंगनाथांनी विचारलं.

"काय, डावखुरे आहात ते? लग्नाच्या पहिल्या महिन्यात. झोपेत पांघरूण ओढता ते काय उजव्या हातानं? आणि मंगळवारचं म्हणाल, तर भजन तीनलाच संपतं. पुढं तासभर देवळाच्या पायरीवर बसून असते मी. म्हटलं, काय चाललंय ते आटपू द्यावं माणसाचं." आणि सुदर्शनकडे वळून म्हणाल्या, "सरक रे बाळा जरा. असा आडवा उभा राहिलास तर मला दिसेल कसं?"

सुदर्शन सरकला. दुसरं करणार काय?

इंदुबाईंनी पडद्यावरची पत्रिका वाचली. सावकाश, ओठ हलवत, वरपासून खालपर्यंत. तारखेपाशी थांबल्या. पदरानं डोळे टिपले, नाक पुसलं. 

"चुकलंय," इंदुबाई म्हणाल्या.

"काय चुकलंय? चार वेळा तपासलंय मी!"

"नवरीचं नाव. इंदू मी लग्न लागल्यावर झाले. तांदळात तुम्हीच लिहिलंत. ही पत्रिका लग्नाआधीची ना? मग तोपर्यंत मी द्वारका होते. द्वारका लिहा."

 पन्नास वर्षांत ते नाव त्या घरात कुणी घेतलं नव्हतं. रंगनाथ खुर्चीत बसले आणि त्यांनी सगळ्यांच्या देखत माऊसवर डावा हात ठेवला.

"काका, आधी खूण उजवीकडे करू का?" शालननं नाक ओढत विचारलं. "साडेचारला गिऱ्हाईक यायचंय."

"राहू दे तिथंच. आधी नवरीचं होऊ दे."

एकेक अक्षर खोडलं गेलं, एकेक नवं आलं. 'द्व' काढायला वेळ लागत होता. इंदुबाई खुर्चीच्या पाठीला धरून वाकून बघत होत्या. सुदर्शनला घरची आठवण येत होती आणि तरी बरं वाटत होतं.

इतक्यात फळीवर थाप पडली. कुणीतरी पत्रिका ठरवायला आलं होतं. भिंतीवरच्या घड्याळात चार केव्हाच वाजून गेले होते.

"बंद आहे!" रंगनाथ पडद्यावरची नजर न काढता ओरडले.